पांढरी फीत

माझे बाबा शिंपी होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरवण्यात आमच्या घराची उभी हयात गेली, तरी ती शिरली नाही. बाबा शिंपी होते, हाताला चांगले होते, आणि आयुष्यात त्यांनी कात्रीपेक्षा धारदार काही हातात धरलं नाही. ती कात्रीसुद्धा चालवायचे कमी आणि शोधायचे जास्त.

युद्धावर गेली होती ती आई.

आई जखमींची गाडी चालवायची. नदीपलीकडे मोर्चे, अलीकडे दवाखान्याचे तंबू, मध्ये एक लोखंडी पूल, आणि त्या पुलावर शत्रूच्या तोफांचा डोळा. ज्या वयात तिच्या मैत्रिणी आरशासमोरून हलत नव्हत्या, त्या वयात ती स्टेअरिंगवरचं दुसऱ्याचं रक्त फडक्याने पुसायची, कारण नाहीतर वळणावर हात सरकतो. मागे पडलेली पोरं कण्हत आपापल्या आईला हाका मारायची. ही पुढून ओरडायची, "तुझी आई घरी आहे. मी ड्रायव्हर आहे. गप पड, म्हणजे तुला तिच्याकडे पोचवता येईल!" अख्खं दल तिला ड्रायव्हरच म्हणायचं.

युद्ध संपलं. पुरुषांना पदकं आली. आईला एका साहेबाने सांगितलं, "थँक्यू, गाडीची चावी टेबलावर ठेवा." चावी तिने ठेवली. राग मात्र घरी घेऊन आली.

मग काही वर्षांनी त्या दलाचे मेळावे सुरू झाले. जुने सैनिक जमायचे, भाषणं व्हायची, जेवण व्हायचं, आणि फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर त्या वर्षाचा बिल्ला लावला जायचा. बिल्ल्याखाली फीत. लढलेल्याला निळी, त्याच्या घरच्यांना पांढरी. पांढऱ्या फितीवर छापलेलं असायचं, 'कुटुंबीय'. निळीवर काही छापलेलं नसायचं. निळीला काही सांगायची गरज नव्हती.

आईला पहिलं आमंत्रण आलं ते एका जुन्या तोपचीमुळे. त्याचा पाय फुटला होता तेव्हा आईनेच त्याला पुलावरून आणलं होतं. त्याने दलाच्या कचेरीत बाबांच्या दुकानाचा पत्ता दिला, म्हणाला, आमच्या ड्रायव्हरला बोलवा. कचेरीने ड्रायव्हर म्हणजे पुरुष असं गृहीत धरून आमंत्रणावर बाबांचं नाव घातलं. दोघं गेले. फाटकावरच्या माणसाने बाबांच्या छातीवर निळी फीत लावली, आईच्या कोटावर पांढरी.

"अहो, उलटं झालं," बाबा म्हणाले. "मी शिंपी आहे. युद्धात ही होती."

फाटकावरचा माणूस इतका हसला की त्याच्या हातातली पिन पडली. "साहेब फार विनोदी आहेत हो वहिनी! घरीही असंच हसवतात का?"

त्या दिवशी आईलाही हसू आलं. तिने नंतर ते कबूल केलं, आणि म्हणाली, तेवढंच एक माझं चुकलं. पहिल्या वेळी हसून घेतलं की दुसऱ्या वेळी लोकांना वाटतं यांना चालतंय.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. फाटकातून आत आल्यावर बाबा झाडाच्या आडोशाला उभे राहायचे, स्वतःची निळी काढून आईला लावायचे, तिची पांढरी स्वतःला लावायचे आणि मान ताठ करून आत जायचे. "मी तुझं कुटुंब," म्हणायचे. "फुकटचं जेवण मला त्याच नात्याने पचतं." आत गेल्यावर कोणीतरी भलं माणूस धावत यायचं, "अरे अरे, फिती बदलल्यात तुमच्या!" आणि आपल्या हाताने सरळ करून द्यायचं. म्हणजे उलट्या करून द्यायचं.

आईने अध्यक्षांना गाठून सांगितलं. ते जुने कर्नल, कानाने जरा कमी. म्हणाले, "खरं आहे, खरं आहे. तुम्ही घर सांभाळलंत म्हणून आम्ही लढू शकलो."

"मी घर सांभाळत नव्हते. मी पुलावर होते."

"हो ना, घराघरांत असे पूल असतात," कर्नल म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तो तोपची तिथेच उभा होता. काठीवर रेलून, चहा ढवळत. त्याला सगळं माहीत होतं. पण अध्यक्षांपुढे कोण बोलणार? उलट आईला बघितलं की तोही म्हणायचा, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" वहिनी! ज्या माणसाचं रक्त हिच्या सीटखाली वाहत आलं, त्याची ही वहिनी झाली, का, तर हिने लग्न केलं म्हणून. आई म्हणायची, शत्रूचा गोळा परवडला, तो निदान मला नेम धरून मारत होता.

तुम्ही विचाराल, मग जायचंच कशाला? मीही विचारलं होतं. आई म्हणाली, "मी गेले नाही, तर त्यांना वाटेल मी नव्हतेच."

आणि ती बिल्ले जमवायला लागली. बाबांनी कोटाच्या अस्तराचं एक जाड काळं कापड काढून दिलं, त्याला चारी बाजूंनी गोट मारली. त्यावर दोन रांगा. वर बाबांचे निळे, खाली आईचे पांढरे, वर्षाखाली वर्ष. दुसऱ्या दलांचे मेळावे असले तरी ती जायची. जेवणानंतर म्हातारे टेबलावर बिल्ले मांडून अदलाबदल करतात, पोरं गोट्यांची करतात तशी, आणि तितकीच लबाडी करून. आई त्यात बसायची. बिल्ला उलटा करून आधी मागची पिन बघायची, कारण समोरची बाजू कोणीही चमकवतो, नकली माल पाठीवर पकडला जातो. सुरुवातीचे बिल्ले पितळी होते, मिन्याचा निळा रंग भरलेले, हातात वजन लागायचं. मग पत्रा आला, मग प्लॅस्टिक. फिती आधी रेशमी होत्या, पुढेपुढे धुतल्यावर रंग सोडणाऱ्या. "बघ," आई मला म्हणायची, "यांना एकमेकांची किंमत कशी उतरत गेली ते हातालाच कळतं."

शेजारणी घरी यायच्या, ते कापड बघायच्या. "छान छंद आहे हो. प्रेमाने जमवलंय अगदी."

"प्रेमाने कोण जमवतंय?" आई म्हणायची. "पुरावा जमवतेय."

पण एक गोष्ट ती करत नव्हती. मेळाव्याच्या शेवटी हजेरी व्हायची. त्यांच्या दलाची जुनी रीत. नाव पुकारलं की जिवंत माणसाने स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणायचं. जिवंत माणसाची हजेरी दुसऱ्याने देणं हा मोठा अपमान. मेलेल्याचं नाव पुकारलं की अख्ख्या सभागृहाने मिळून 'हजर' म्हणायचं. घरच्यांनी गप्प बसायचं. दरवर्षी बाबांचं नाव पुकारलं जायचं. बाबा ओठ मिटून बसायचे. सेक्रेटरी व्यासपीठावरून म्हणायचा, "आहेत, आहेत, मला दिसताहेत. लाजताहेत." आणि पुढचं नाव घ्यायचा. आईचं नाव कधी आलं नाही आणि आई कधी मध्ये बोलली नाही. ती वाट बघत होती. तिने पुलावरून आणलेल्यांपैकी एकाने तरी आपण होऊन उठावं आणि म्हणावं, एक नाव राहिलंय. "मागून घेतलेली फीत मला नको," म्हणायची.

कोणी उठलं नाही. तिने आणलेले एकेक करून मरत गेले, आणि मेल्यावर त्यांच्यासाठी सभागृह 'हजर' म्हणत गेलं.

यंदा हिवाळ्यात बाबा गेले. मशीनवर बसल्या बसल्या, एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची शिलाई अर्धवट ठेवून. ती पॅन्ट मी पुरी केली. दुकान आता मीच चालवते.

मग एके सकाळी सेक्रेटरी दुकानात आला. युद्ध झालं तेव्हा हा माणूस दुपट्यात होता. सासरा दलात सुभेदार, त्याच्या नात्याने सेक्रेटरी झालेला. पण छाती अशी काढून चालायचा की तोफा त्यानेच ओढल्या असाव्यात.

"वहिनी, फार वाईट झालं. असा माणूस होणे नाही."

"कसा?" आईने विचारलं. ती काजं करत बसली होती, मान वर केली नाही.

"शूर."

"झुरळ दिसलं की ते टेबलावर चढायचे."

सेक्रेटरीने गंभीरपणे मान हलवली. "शूरांचं असंच असतं. विनोदाचं पांघरूण घेतात." मग त्याने सांगितलं ते असं. माणसंच उरली नाहीत, तेव्हा यंदाचा मेळावा शेवटचा. शेवटच्या हजेरीत ज्यांची ज्यांची नावं 'हजर' होतील, ती सगळी दलाच्या दालनात दगडावर कोरायची. बाबांसाठी काळ्या काठाची खास निळी फीत बनवली आहे, ती आईने व्यासपीठावर येऊन स्वीकारायची. फलकावर लावायला बाबांचा फोटो हवा.

"दगडावर त्यांचं नाव येणार?"

"म्हणजे काय! ठळक."

"आणि माझं?"

"सगळ्यांत खाली एक ओळ आहे ना, 'आणि त्यांचे कुटुंबीय'. त्यात तुम्ही आलातच."

"गाडी मी चालवत होते."

सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं, म्हातारं माणूस आहे, चालायचंच, अशा नजरेने. मी कात्री खाली ठेवली नाही.

"वहिनी, रेकॉर्डला तुमचं नाव नाही हो."

"त्यांचं आहे?"

"मेळाव्याच्या रेकॉर्डला आहे ना! पहिल्यापासून दरवर्षी हजर! असा नियमित माणूस दुसरा नाही."

मी आजवर मूर्खपणा पुष्कळ पाहिलाय. दंडाचं माप सांगून पायजमा शिवून मागणारी गिऱ्हाइकं पाहिलीत. पण स्वतःच केलेली चूक वर्षानुवर्षं केली म्हणून ती खरी झाली, असं इतक्या ऐटीत सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

"फोटो मिळणार नाही," आई म्हणाली.

"हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाला. "आमच्याकडे मागच्या मेळाव्याचा आहे. निळ्या फितीतला."

तो गेल्यावर आई कितीतरी वेळ एकच काज करत होती. मी म्हटलं, "नको जाऊस. त्यांच्या दगडाला आग लागो."

"जाणार," ती म्हणाली. "माणूस माझा आणि मरून भरती त्यांच्यात? जन्मभर तो बिचारा ओरडून सांगत होता, मी शिंपी आहे. आता त्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्या नावाने खोटं कोरतात." मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "आणि माझी वाट बघून झाली. आता उठणारे उरलेत कोण? मीच उरलेय."

मेळाव्याच्या दिवशी तिने बाबांनी शिवलेला करड्या रंगाचा कोट घातला. फाटकावर नवा माणूस होता. त्याने मला पांढरी फीत लावली आणि आईसाठी काळ्या काठाची पांढरी काढली.

"राहू दे," आई म्हणाली.

"आजी, फितीशिवाय आत जाता येत नाही."

"मग अडव."

त्याने बघितलं इकडे तिकडे. आई चालायला लागली होती. आजपर्यंत तिला कोणी 'अडव' म्हणायची संधीच दिली नव्हती, असं मला वाटलं. तिच्या चालीत काहीतरी फार जुनं आणि वेगात असलेलं होतं. मी त्याच्या हातातली ती दुसरी फीतही घेतली आणि तिच्यामागे धावले.

दारातच तोपची भेटला. एका काठीच्या आता दोन झालेल्या. "वहिनी, वाईट वाटलं हो ऐकून..."

"कोणाची वहिनी?" आई म्हणाली. "तू माझ्या गाडीत तीनदा ओकलास. वहिनीच्या गाडीत माणूस एवढं करत नाही."



सभागृहात पुढच्या रांगा निळ्या फितींसाठी, मागच्या पांढऱ्यांसाठी. पुढे खुर्च्या भरपूर, माणसं थोडी. आई सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसली. मी तिच्या शेजारी. एक कार्यकर्ता वाकून कुजबुजला, "ताई, कुटुंबीय मागे." आई म्हणाली, "ही बसेल मागे, मला सोडायला आलीय." मी मात्र उठले नाही. व्यासपीठावर फलक होता, त्यावर वर्षभरात गेलेल्यांचे फोटो, आणि त्यांच्यात माझे बाबा. छातीवर निळी फीत, चेहऱ्यावर भाव असा, की कोणीतरी उसवलेली बाही दाखवून शिलाई परत मागतंय.

भाषणं झाली. कर्नल बोलले ते मुख्यतः खोकले. मग हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक 'हजर'. कोणाचा आवाज चिरका, कोणाचा अजून खणखणीत. मग गेलेल्यांची नावं. सभागृह मिळून म्हणत होतं, हजर. हजर. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. आणि मग सेक्रेटरीने बाबांचं नाव घेतलं.

सभागृहाने श्वास घेतला तेवढ्यात आई ओरडली.

"गैरहजर!"

पुलावर गोळे पडत असताना मागच्या पोरांना दटावणारा तो आवाज असणार. मी घरात तो कधी ऐकला नव्हता.

दलात गैरहजर म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कर्नल दचकून उठले. "कोण पळालं? कोण?"

"कोणी पळालं नाही," आई म्हणाली. "तो आलाच नव्हता. तो शिंपी होता. तुमच्यातल्या निम्म्यांच्या पॅन्टी त्याने शिवल्यात, आणि दरवर्षी त्याने तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही हसलात."

"वहिनी, कृपा करून," सेक्रेटरी म्हणाला, "हा प्रसंग पवित्र आहे..."

"म्हणून तर बोलतेय. पवित्र प्रसंगी खोटी हजेरी देता?"

आई व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. कोणीतरी "खाली घ्या त्यांना" म्हणालं, पण घ्यायला कोणी आलं नाही. सगळ्यांचे गुडघे गेलेले होते आणि कार्यकर्त्यांची हिंमत. तिने फलकावरून बाबांचा फोटो काढला, हाताच्या बाहीने पुसला. मग सेक्रेटरीकडे वळली.

"आता माझं नाव घे."

"ते यादीत नाही."

"मग तू राहू दे."

तिने सभागृहाकडे तोंड केलं, पाय जुळवले आणि स्वतःचं नाव पुकारलं. लग्नाआधीचं, ज्या नावाने ती गाडी चालवायची. त्यामागे दलाचं नाव. त्यामागे म्हणाली, "ड्रायव्हर." थोडी थांबली. कोणाच्या उत्तरासाठी नाही. रीतच तशी आहे, नाव आणि उत्तर यांच्यात एक श्वास जाऊ द्यायचा.

"हजर," ती म्हणाली.

झालं. जिवंत माणसाची हजेरी तो स्वतः देतो. त्याला दुसऱ्याच्या होकाराची गरज लागत नाही, हे त्यांनीच ठरवलेलं होतं. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत.  टेबलावर बाबांसाठी केलेली डबी उघडी होती. आईने त्यातला शेवटच्या मेळाव्याचा बिल्ला उचलला, उलटा करून सवयीने पाठीमागची पिन बघितली, निळ्या फितीचा काळा काठ नखाने उसवून फाडून काढला, आणि फीत स्वतःच्या कोटावर लावली. सरळ लावली. शिंप्याची बायको होती, तेवढं तिला येत होतं.

खाली येऊन तिने माझ्या हातातली पांढरी फीत घेतली, काळा काठ तिचाही काढला आणि बाबांच्या फोटोला लावली.

"चल," मला म्हणाली. "जेवण यांच्याकडचं नको."

फाटकापाशी तोपचीने आम्हाला गाठलं. दोन काठ्यांवर धापा टाकत. "व..." म्हणाला आणि आईची नजर बघून गिळलं. "ड्रायव्हर. मी उठायला हवं होतं. आधीच."

"हवं होतं," आई म्हणाली. ठीक आहे, जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल. "तेव्हाही जड होतास, आजही जडच आहेस. सांभाळून जा, पायरी आहे."

दगड कोरून झाला असं ऐकलं. त्यावर काय लिहिलंय ते बघायला आम्ही गेलो नाही. तोपची म्हणतो, तो रोज कचेरीत जाऊन भांडतो. भांडू दे, त्याच्याकडे बाकी बरीच आहे. काळ्या कापडावर दोन्ही रांगांत शेवटची जागा रिकामी आहे, कारण ती निळी फीत आई कोटावरून काढत नाही. बाबांचा फोटो दुकानात मशीनच्या वर आहे, पांढऱ्या फितीसकट.

परवा एक गिऱ्हाईक माप देता देता फोटोकडे बघत म्हणालं, "हे कोण? सैनिक होते का?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आई म्हणाली, "छे. माझे घरचे. हात वर करा, छातीचं माप राहिलंय."